महिना 1,499 चं ड्रॉ टिप्सवालं चॅनल: आम्ही तिघांनी घेतलं होतं, हा घ्या हिशोब

चॅनलचं नाव लिहित नाहीये. एक तर ते दर दोन महिन्यांनी नाव बदलतं, आणि दुसरं म्हणजे असली चॅनलं पन्नास आहेत, सगळ्यांचा माल एकच. सट्टा लावायला फक्त ड्रॉच्या टिप्स, बहुतेक फुटबॉलच्या. कोण जिंकणार ते सांगणार नाही, बरोबरीत कुठली मॅच सुटणार तेवढंच सांगणार. महिना 1,499 रुपये. मागच्या वर्षी म्हणजे 2025 च्या जुलैत आम्ही तिघांनी पाचपाचशे काढून घेतलं. मी, सिडकोतला एक मित्र आणि एक दिंडोरीचा, त्याच्या घरी द्राक्षाची बाग आहे. तिघं सातपूरला एकाच कंपनीत, शिफ्ट सुटली की टपरीवर कटिंग घेताना हीच चर्चा. बाहेर नाशिकचा तो पाऊस, गोदावरीतला दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला त्याचे व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर, आणि आम्ही मोबाईलमध्ये फिनलंडची लीग बघतोय.

हो फिनलंड. जुलैत इंग्लंड-स्पेनच्या लीग बंद असतात ना, मग टिप्स यायच्या फिनलंड, आइसलँड, स्वीडन आणि ब्राझीलची दुसरी डिव्हिजन. ज्या टीमचं नाव वाचताना जीभ अडखळते तिच्यावर आमचा दिंडोरीवाला पैसे लावतोय. त्याचा बाप दरवर्षी अवकाळीशी सट्टा खेळतो तेवढा पुरे नव्हता वाटतं.

आधीच सांगतो, मी स्वतः एक रुपया लावला नाही. घाबरट म्हणा. पण मला हिशोब लिहायची खोड आहे म्हणून मी वही केली, प्रत्येक टिपवर कागदावर 100 रुपये लावल्यासारखं धरलं. कोणती मॅच, काय भाव (म्हणजे टिप लागली तर एका रुपयाचे किती परत), निकाल काय. मेसेज आला की लगेच लिहायचो, आणि हे लगेच लिहिणं किती कामाला आलं ते पुढे कळेल.

सुरुवातीला इंप्रेशन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. अॅडमिन मराठी बोलणारा, नम्र, "सर" "सर" करून बोलायचा, रात्री साडेबाराला पण रिप्लाय. आणि गडी नुसता फेकत नव्हता, त्याला ज्ञान होतं. म्हणायचा, सर, जिथे दोन्ही टीम सारख्या ताकदीच्या आणि गोल कमी होतात तिथे ड्रॉ शोधायचा, 0-0 आणि 1-1 हेच आपलं पीक. आणि जिथे दोघांनाही एकच पॉइंट पुरतो तिथे डोळे उघडे ठेवायचे. उदाहरण द्यायचा 2004 च्या युरो कपचं. डेन्मार्क-स्वीडन 2-2 सुटलं तर दोघं पुढे आणि इटली घरी, अशी स्थिती होती, आणि बरोबर 2-2 च सुटलं. मी शोधून बघितलं, खरं आहे. इटलीतल्या पेरुजा नावाच्या टीमचं पण त्यानेच सांगितलं, 1978-79 ला अख्ख्या सीझनमध्ये एक मॅच हरले नाहीत पण 30 पैकी 19 ड्रॉ, म्हणून दुसरे आले. तेही खरं निघालं. असल्या गोष्टी ऐकायला मला लई मजा यायची, त्याने नुसतं किस्स्यांचं चॅनल काढलं असतं तर मी आनंदाने महिना शंभर दिले असते.

एकदा तर त्याने आमचं भांडण पण सोडवलं. स्वीडनकडची कुठली तरी कपची मॅच होती, 90 मिनिटांत 1-1, मग एक्स्ट्रा टाइममध्ये एक टीम जिंकली. सिडकोवाला म्हणे गेले पैसे. अॅडमिनने समजावलं की ड्रॉचा निकाल 90 मिनिटं अधिक रेफरीने वाढवलेला वेळ एवढ्यावरच ठरतो, पुढचा एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी त्यात धरत नाहीत. 2022 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये अर्जेंटिना जिंकली असं आपण म्हणतो, पण ज्यांनी ड्रॉवर लावले होते त्यांना पैसे मिळाले, कारण 90 मिनिटांना 2-2 होतं. एम्बापेने 80 व्या आणि 81 व्या मिनिटाला दोन गोल मारले आणि इकडे बुकी लोकांचा सगळा हिशोब फिरला असणार. तर ही माहिती चोख, याबद्दल मार्क कापणार नाही.

पण एक साधी गोष्ट त्या माणसाने कधीच सांगितली नाही. डेन्मार्क-स्वीडनसारखी स्थिती त्याला दिसते तशी बुकीला पण दिसते ना. अशा मॅचला ड्रॉचा भाव आधीच पाडलेला असतो. म्हणजे अंदाज बरोबर असून उपयोग नाही, बुकीने जो भाव दिलाय त्यापेक्षा जास्त वेळा तो बरोबर यायला पाहिजे. बुद्धिबळात हे जास्त स्पष्ट दिसतं. माझा पोरगा चेस क्लासला जातो (ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात राहून न जाऊन सांगतो कुणाला), त्याच्या सरांनी सांगितलं की 2018 ला कार्लसन-कारुआना वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या 12 च्या 12 क्लासिकल डावांत बरोबरी झाली. आता तिथे ड्रॉ ओळखायला काय अक्कल लागते, आणि म्हणूनच तिथे ड्रॉला भावही चिल्लर मिळतो.

भावाचं गणित मला स्वतःला लासलगावच्या हिशोबपट्टीवरून कळलं. कांदा विकला की पट्टीवर हमाली, तोलाई कापलेली दिसते तरी. इथे ती भावातच मुरवलेली असते, दिसत नाही. वहीतली एक मॅच सांगतो: घरची टीम 2.30, ड्रॉ 3.10, पाहुणी टीम 3.20. काहीही झालं तरी 100 रुपये परत यावेत असं तिन्हींवर लावायचं ठरवलं तर पहिल्यावर 43.50, ड्रॉवर 32.25 आणि तिसऱ्यावर 31.25, बेरीज 107. म्हणजे 107 द्या आणि 100 न्या. ती 7 रुपयांची तोलाई. आणि 3.10 च्या भावाने ड्रॉवर नुसतं ना नफा ना तोटा सुटायचं असेल तरी शंभरात 32-33 ड्रॉ लागायला पाहिजेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये साधारण चारातली एक मॅच ड्रॉ होते. चारातली एक म्हणजे शंभरात 25. आता बोला.

तर माझी वही. महिन्यात 41 टिप्स, 11 लागल्या. 4,100 रुपये गेले, 3,580 आले. 520 चा खड्डा, त्यावर चॅनलचे 1,499, म्हणजे 2,019 रुपयांनी आडवा. मी अजून एक उद्योग केला होता, प्रत्येक टिपच्या दिवशी त्या दिवसाच्या मॅचच्या यादीतली वरून तिसरी मॅच डोळे मिटून ड्रॉ धरायची, तोही रकाना ठेवला. त्यात 10 लागल्या. आता 41 मॅचवरून कोणी काही सिद्ध करू शकत नाही हे मलाही कळतं, एखादा महिना 15 पण लागतील, एखादा 6. पण 1,499 रुपये देऊन मला "वरून तिसरी" पेक्षा एक ड्रॉ जास्त मिळाला एवढं मात्र नक्की.

आता खरी गंमत. महिनाअखेरीला चॅनलवर पोस्टर आलं, हिरव्या अक्षरात, "जुलै रिपोर्ट: 19 पैकी 11 हिट". 19? मी वही काढली. 41 पैकी 22 मेसेज डिलिट! हरलेल्या टिप्सपैकी फक्त आठ ठेवलेल्या, खरं वाटावं म्हणून, बाकी साफ. नवीन येणारा माणूस वर स्क्रोल करून बघणार, त्याला 58 टक्के दिसणार. मी पर्सनलला वहीचा फोटो पाठवला तर म्हणे "सर ते ट्रायल मेसेज होते". 22 ट्रायल? सर म्हणणं मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

क्रिकेटमध्ये तर हद्द केली. मँचेस्टर टेस्ट आठवतेय ना, आपण 311 ने मागे, दुसऱ्या डावात पहिल्याच ओव्हरला वोक्सने दोन काढले, 2 बाद 0. लगेच चॅनलवर मेसेज, "इंग्लंड, डावाने, बिनधास्त". दुसऱ्या दिवशी गिलची सेंच्युरी, मग जडेजा आणि सुंदर हलेनात, स्टोक्स हात मिळवायला आला तर यांनी नाही म्हटलं आणि दोघांनी शंभर केले, टेस्ट ड्रॉ. आम्ही टपरीवर उभं राहून टाळ्या वाजवत होतो. आणि चॅनलवर काय, इंग्लंडवाला मेसेज गायब, त्या जागी "ड्रॉ बोललो होतो ना". अरे कधी बोलला होतास बाबा. त्या पाच टेस्टच्या सिरीजमध्ये एकच ड्रॉ झाला आणि तोच नेमका याने चुकवला, ड्रॉ स्पेशालिस्ट.

आमच्या दिंडोरीवाल्याचं काय झालं ते आता. या चॅनलची एक "सिस्टिम" आहे, हरलं की पुढच्या ड्रॉवर डबल लावायचं, "सात मॅचमध्ये ड्रॉ येतोच सर". 100, 200, 400, 800, 1,600, 3,200, 6,400. पहिले दोन आठवडे खरंच भारी चाललं, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मॅचला ड्रॉ, रोज दोनतीनशे सुटायचे, गडी आम्हाला रविवारी मिसळ खाऊ घालायचा, वरून एक्स्ट्रा तर्री, आणि मला म्हणायचा तू वहीच लिही. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सलग सात गेल्या. 12,700 रुपये. आठवीला 12,800 लावायचे होते, अॅडमिन म्हणतोय आता सोडू नका सर आता तर शंभर टक्के, याच्याकडे नव्हतेच म्हणून वाचला. आठवी पण 2-0 गेली.

सात मॅचमध्ये ड्रॉ येतोच हे ऐकायला बरं वाटतं. चारातली एक ड्रॉ धरली तर सलग सात कोरड्या जायची शक्यता निघते साडेसातात एकदा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 0.75 ला सात वेळा गुणून बघा, 0.13 येतं. रोज नवी साखळी सुरू करणाऱ्या माणसाला साडेसातात एकदा म्हणजे कधीतरी नाही, याच महिन्यात. आणि आधीच्या सहा ड्रॉ नाही झाल्या हे फिनलंडच्या गोलकीपरला कोण सांगणार?

दिंडोरीवाला हरला की चॅनलवाल्याचं काय जातं, काहीच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एक लिंक देऊन त्यावरूनच अकाउंट उघडायला लावलं होतं. असल्या लिंकवाल्यांना आपण हरलेल्या पैशात वाटा मिळतो, हा या धंद्यातला सर्रास प्रकार. म्हणजे 1,499 पण त्याचे आणि 12,700 मधला तुकडा पण त्याचाच. वर आठवीनंतर ऑफर काय, तर 4,999 ची "फिक्स ड्रॉ" मेंबरशिप, मॅच आधीच ठरलेली आहे म्हणे. फिक्स मॅच खरंच माहीत असलेला माणूस सातपूरच्या कामगाराला 4,999 ला का विकेल हे विचारलं तर मला म्यूट केलं.

मग 22 ऑगस्टला तो ऑनलाइन पैशाच्या गेम्सचा कायदा राष्ट्रपतींच्या सहीने आला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत जेल, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला पण दोन वर्षांपर्यंत. इंडियाच्या जर्सीवरचा स्पॉन्सर गेला, आशिया कपला टीम कोऱ्या जर्सीत खेळली. मला वाटलं चॅनल बंद पडेल. दोन दिवस शांत होतं, मग नवीन नाव, नवीन डीपी, नवीन लिंक, "सर आपलं सर्व्हर बाहेरचं आहे, टेन्शन नाही". टेन्शन त्याला नाही हो. बाहेरच्या साइटवर पैसे अडकले तर आपण नाशिकमध्ये बसून कोणाच्या दारात जायचं?

रेटिंग मागितलं तर 5 पैकी 1, आणि तो एक पण पेरुजाच्या किश्श्याला. ड्रॉ बघण्यात मजा आहे, मला तर मँचेस्टरसारखा ड्रॉ दहा विजयांपेक्षा गोड लागतो, पण ती मजा हॉटस्टारच्या पैशात मिळते.

एक कामाची गोष्ट राहिली. आम्ही तिघं चॅनलमधून बाहेर पडलो आणि समजलो संपलं. सिडकोवाल्याच्या अकाउंटमधून दुसऱ्या महिन्याचे 1,499 तसेच कटले, कारण पहिल्या पेमेंटला त्याने न वाचता ऑटोपे चालू केलं होतं. चॅनल सोडल्याने ते थांबत नाही, यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं सापडेल तिथे जाऊन रद्द करावं लागतं. आणि पैसे फसवून गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा, जेवढा लवकर तेवढा बरा. आमचे 1,499 परत मागितले तेव्हा आलेला रिप्लाय अजून फोनमध्ये ठेवलाय: "सर रिफंड नाही, पण पुढच्या महिन्यात 20 टक्के डिस्काउंट देतो."