घोडेस्वारीचा क्लास लावताय? महिन्याच्या फीआधी खोगिरावरची मिनिटं मोजा

घोडेस्वारीच्या क्लासची चौकशी करताना आपला पहिला प्रश्न असतो महिन्याच्या फीचा. पोहण्याच्या क्लासला तेवढा प्रश्न पुरतो, कारण पाण्यात उतरलेलं पोर तासभर पाण्यातच असतं. इथे तसं होत नाही. पाऊण तासाच्या क्लासमध्ये मूल घोड्यावर पूर्ण पंचेचाळीस मिनिटं असू शकतं, नाहीतर जेमतेम पंधरा, आणि उरलेला वेळ कठड्याला टेकून पाळीची वाट बघण्यात जातो. चार ठिकाणचे दर एकाखाली एक लिहून काढले तरी म्हणूनच हाती काही लागत नाही.

खालची तुलना मिनिटांच्या हिशोबाने केली आहे. पुणे-मुंबई-नाशिक पट्ट्यातलं कुटुंब, मूल सात ते बारा वर्षांचं, घरात कुणाचा घोड्याशी संबंध नाही, असं धरलं आहे. रुपयांचे आकडे हिशोब दाखवण्यापुरते आहेत. त्या जागी तुमच्याजवळच्या क्लबचे दर घाला, पद्धत तीच राहील.

आधी माथेरान-महाबळेश्वरचा फेरफटका बाजूला काढू

वेण्णा तलावाकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर मूल घोड्यावर बसून खूश झालं, म्हणून अनेक घरांत क्लासचा विषय निघतो. तो आनंद खरा असतो, पण तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि घोड्याला वाट पाठ असते. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हे तिथलं वाहनच आहे, आणि प्रवाशाने वाहन चालवायला शिकावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. या फेरफटक्यातून एकच गोष्ट कळते: मूल उंचीला आणि जनावराला घाबरतं की नाही. तेवढ्या चाचणीसाठी तो स्वस्त आहे. शिकण्याच्या खात्यात मात्र शून्य मांडा.

ग्रुप, एकट्याचा क्लास आणि शिबिर

धरा, ग्रुपच्या क्लासला आठवड्यातून दोनदा जायचं, महिन्याला आठ क्लास आणि फी ६,४०० रुपये. एका क्लासचे ८०० झाले. प्रत्येक मुलाला स्वतंत्र घोडा असेल तर पाऊण तासाला मिनिटामागे १८ रुपये पडतात. दोन मुलांत एक घोडा असेल तर ३६. तीन मुलांत एक असेल तर मिनिटाचा दर ५३ रुपयांवर जातो.

आता एकट्याने शिकण्याचा क्लास. अर्ध्या तासाचे १,५०० रुपये धरले तर मिनिटाला ५० पडतात. ऐकताना ही फी श्रीमंती चोचला वाटते, पण तीन मुलांत एक घोडा फिरवणाऱ्या ‘स्वस्त’ ग्रुपपेक्षा ती मिनिटामागे कमीच आहे. शिवाय अर्धा तास सलग मिळतो. पंधरा मिनिटांत नवशिक्या मुलाचं अंग कुठे सैल होतं न होतं, तोच उतरायची वेळ येते.

असं असूनही सुरुवात एकट्याच्या क्लासने करावी असं मला वाटत नाही. पहिले चार-पाच क्लास लंजवर, म्हणजे शिक्षकाने लांब दोरीवर घोडा गोल फिरवत घेतलेले, एकट्याचे असले तर उत्तम. त्या दिवसांत मुलाने फक्त मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, सांभाळायची असते, घोडा शिक्षक सांभाळतो. त्यानंतर ग्रुप हवा. पुढच्याच्या घोड्यापासून अंतर राखणं, आपला घोडा रेंगाळला तर त्याला पुढे काढणं, दुसऱ्याची चूक बघणं हे एकट्याच्या क्लासमध्ये होत नाही. आणि खरं सांगायचं तर मुलं पुढच्या शनिवारी पुन्हा जायला तयार होतात ती बरीचशी बरोबरच्या मुलांसाठी.

मे महिन्यातलं निवासी शिबिर तिसऱ्या प्रकारचं. सात दिवसांचे २१,००० रुपये आणि रोज अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या धरल्या तर ४२० मिनिटं होतात, म्हणजे पुन्हा मिनिटाला ५० रुपये. त्यात राहणं-जेवण आलं, तेव्हा दर वाईट नाही. रोज बसल्यामुळे मांड लवकर जमते. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या मुलाला दुडक्या चालीवर (ट्रॉटवर) रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, उठ-बस करायची लय सापडायला महिना-दीड महिना लागू शकतो, शिबिरात ती चौथ्या-पाचव्या दिवशी सापडलेली दिसते. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पुढे काही सोय नसली, तर दिवाळीपर्यंत ती लय गेलेलीही असते. घराच्या टप्प्यात बारमाही क्लास नसेल तर शिबिराला चांगली सहल समजून पैसे द्या, प्रशिक्षण समजून नको.

नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलसारख्या ठिकाणी (स्थापना १९३७) घोडेस्वारी शाळेच्याच परंपरेत आहे. तिथली तुलना वेगळी, कारण तिथे तुम्ही क्लास निवडत नाही, अख्खी निवासी शाळा निवडता. केवळ घोड्यासाठी कुणी तो निर्णय घेऊ नये.

फीच्या पावतीवर न दिसणारे पैसे

पुणेकरांसाठी पहिला खर्च अंतराचा. कोथरूडहून सोमाटणे-तळेगावच्या बाजूला जायचं तर एका दिशेने तीसेक किलोमीटर होतात. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटरला चार लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे साडेचारशेच्या आसपास, टोल वेगळा. आठ क्लासचे साडेतीन हजारांवर जातात, वरच्या उदाहरणातल्या फीच्या निम्म्याहून जास्त. त्यात सकाळी साडेपाचला उठून गाडी चालवणाऱ्या आई किंवा बाबाच्या दोन सकाळी धरलेल्याच नाहीत. म्हणून घराजवळचा थोडा महाग क्लब बहुधा परवडतो. जुन्या क्लबांत सभासदत्व वेगळं आणि क्लासची फी वेगळी असू शकते, तेवढं आधी विचारून घ्या.

दुसरा खर्च हेल्मेटचा, आणि तिथे काटकसर नको. सायकलचं हेल्मेट चालत नाही. ते वेगळ्या प्रकारच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं आणि मानेकडच्या बाजूला कमी झाकतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटवर ईएन १३८४, व्हीजी १ किंवा एएसटीएम एफ ११६३ अशी सुरक्षा-मानकाची खूण शोधा. क्लबचं हेल्मेट वापरणार असाल तर ते कधी कुणाच्या डोक्यासकट जोरात आपटलं होतं का, हे कळायला मार्ग नसतो. एकदा मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजायचं. त्यामुळे खरेदीच्या यादीत पहिला नंबर त्याचाच. बुटांचं एवढं नाही: घोट्याच्या वर येणारा, गुळगुळीत तळव्याचा आणि छोटी टाच असलेला कुठलाही बूट पहिल्या वर्षी चालतो. टाच हवी, कारण तिच्यामुळे पाय रिकिबीतून पुढे सरकून अडकत नाही. खेळाचे सपाट बूट म्हणूनच नकोत. महागड्या ब्रीचेस (घोडेस्वारीच्या खास पँट) मूल सहा महिने टिकलं तर घ्या.

धनुर्वाताची लस वेळच्या वेळी झालेली असू द्या, आणि घरातल्या अपघात विम्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, तेही बघा. कलम बारीक अक्षरात असतं.

तिसरा खर्च पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर उघड्या रिंगणात चिखल होतो आणि क्लास रद्द होतात. तीन महिन्यांची फी आगाऊ घेणाऱ्या ठिकाणी बुडालेले क्लास पुढे धरतात की नाही, हे लेखी विचारा. छप्पर असलेलं रिंगण असेल तर त्यासाठी थोडी जास्त फी द्यायला हरकत नाही.

मोबदल्यात काय मिळतं

इथे क्लबाक्लबांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका प्रकारच्या क्लबात मूल गाडीतून उतरतं, सईस खोगीर घालून घोडा तयार ठेवतो, मूल बसतं, उतरतं आणि घरी येतं. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी वीस मिनिटं आधी बोलावतात. खरारा करायचा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायचं, खूर उचलून त्यातली माती आणि खडे काढायचे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला शिकायचं, शेवटी घोडा थंड होईपर्यंत हातात धरून चालवायचा. चारशे किलोच्या जनावराला पाय उचलायला लावणं दहा वर्षांच्या मुलाला दटावून जमत नाही. कुठे उभं राहायचं, हात कुठून फिरवायचा, कान मागे गेले की थांबायचं, हे शिकावं लागतं. ही वीस मिनिटं खोगिरावरच्या मिनिटांत मोजू नका, पण क्लब निवडताना त्यांना सगळ्यात जास्त गुण द्या. माझ्या मते फीचा निम्मा मोबदला तिथेच वसूल होतो.

घोडे कोणते आहेत तेही बघा. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे शर्यतीचे घोडे क्लबांत येतात. नीट पुन्हा शिकवलेले असले तर छान, पण ज्याला कालपर्यंत फक्त पळायलाच शिकवलं होतं, असा घोडा नवशिक्या मुलाखाली नको. लहान मुलासाठी वयस्क, थोडासा आळशी तट्टू लाख मोलाचा. न कळवता एखाद्या सकाळी जा आणि खोगीर काढताना घोड्याची पाठ बघा. पाठीवर व्रण असतील, बरगड्या मोजता येत असतील, तर फी कितीही कमी असो, पुढचा क्लब गाठा.

आई-बाबांनाही शिकायचं असेल तर एक अवघड गोष्ट: स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. चारशे किलोच्या घोड्यावर ऐंशी किलो, तेही खोगिरासकट. पंच्याऐंशी किलोच्या बाबांना मोठ्या बांध्याचा घोडा असलेला क्लब शोधावा लागेल.

आणि स्वतःचा घोडा?

हा प्रश्न सहा महिन्यांत येतोच, विशेषतः दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा बघून आल्यावर. यात्रा जरूर बघा, खरेदी करू नका. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज नऊ-दहा किलो सुका चारा-चंदी लागते, तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि सईसाचा पगार बाराही महिने. घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, तोवर तुमचं मूल नोकरीला लागलेलं असेल. दोन वर्षं टिकून शिकणाऱ्या मुलासाठी क्लबचाच घोडा आठवड्यातले ठरावीक दिवस भाड्याने घेण्याची सोय असेल तर ती पुरते.

स्पर्धेचं गणित तर पार वेगळं. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताने ड्रेसाजचं (घोड्याकडून आखीव हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण मिळवलं, घोडेस्वारीत १९८२ नंतरचं पहिलंच. संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या चौघांनी तयारी युरोपात राहून केली होती. त्या खर्चाचा विचार करून पहिल्या वर्षीचा क्लास लावू नका, आणि त्याच्या धाकाने टाळूही नका. मूल कॉलेजात जाईपर्यंत आवड टिकली तर काही शहरांत, सहसा पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने, एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटरनरी युनिटं असतात, तिथेही घोडा मिळतो.

महिन्याला दहा हजारांच्या आत बसवायचं असेल आणि मूल एकच असेल, तर चार एकट्याचे लंज क्लास आणि मग एका मुलाला एक घोडा देणारा, खरारा करायला लावणारा ग्रुप, असा क्रम मी लावेन. मुलं दोन असतील तर दोघांना एकाच वेळेचा क्लास मिळतो का ते आधी बघा, नाहीतर पेट्रोल दुप्पट. क्लब पन्नास किलोमीटरवर असेल तर आठवड्याचा हट्ट सोडा आणि वर्षातून दोन शिबिरं करा, मे आणि दिवाळीची. सुरुवात जूनमध्ये नको. ऑक्टोबरात रिंगण वाळलेलं असतं, आणि पुढच्या पावसापर्यंत सलग आठ महिने मिळतात.