जुन्या होडीवर नवी फोर-स्ट्रोक मोटर : 9 महिने, 140 तासांनंतर

होडी 16 फुटी, फायबरची, जुनी. मागे 40 अश्वशक्तीची कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक होती. तिच्या जागी तेवढ्याच ताकदीची इंजेक्शनवाली फोर-स्ट्रोक बसवली. वापर मासेमारीला, खाऱ्या पाण्यात. मोटरीबद्दल तक्रार नाही. त्रास झाला तो फळी, वजन, वायर, पेट्रोल आणि पंखा (प्रोपेलर) यांचा, म्हणून लिहितोय तेही त्यांच्याबद्दलच.

पैसे मोजण्याआधी ट्रान्सम, म्हणजे मोटर टांगायची मागची फळी, तपासा. वरून फायबर चकचकीत असलं तरी आतलं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. जुन्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं. हातोडीने हलकेच ठोकत जा. टणक आवाज हवा, बद्द आला की शंका घ्या. खात्री करायची तर आतल्या बाजूने, तळाजवळ 5 मिलिमीटरचं भोक पाडून भुसा बघा. कोरडा आणि फिकट असेल तर ठीक. काळपट, ओलसर निघाला तर आधी फळी बदला, मोटर नंतर. भोक लगेच इपॉक्सीने बुजवा.

नवी मोटर जुनीपेक्षा सुमारे 20 किलोने जड आहे. ऐकायला कमी वाटतं, पण हे वजन होडीच्या अगदी टोकाला लटकतं. होडी मागे बसली आणि उभी असताना निचऱ्याच्या भोकांतून पाणी डेकवर यायला लागलं. उपाय म्हणून 20 किलोची बॅटरी 2 मीटर पुढे नेली आणि सुटी पेट्रोलची टाकीही पुढे सरकवली. पाणी यायचं थांबलं. मात्र बॅटरी पुढे गेली की केबल जाताना-येताना मिळून 4 मीटरने वाढते. जुन्याच जाडीची केबल वापरली तर स्टार्टर फिरतो पण मोटर धरत नाही, कारण व्होल्टेज पडलं की इंजेक्शनचा संगणक आणि पंप नीट चालत नाहीत. पुस्तिकेत लांबीनुसार केबलच्या जाडीचा तक्ता असतो, तो पाळा. बॅटरीवर पंखवाले नट नकोत. लाटांच्या हादऱ्याने ते सैल होतात. नायलॉनचे लॉकनट लावा.

बसवताना पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर ठेवा. मोटर फार खाली गेली तर पाणी कापताना ओढ बसते, फार वर गेली तर वळणावर पंखा हवा ओढतो. चारही स्टेनलेस बोल्ट आरपार घालून पॉलियुरेथेन सीलंटने बंद करा, पण कायमचा चिकटणारा प्रकार टाळा. मोटर कधी ना कधी काढावी लागतेच.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पंख्यावर. मोटरीसोबत 13 इंच पिचचा आला होता (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जितका पुढे सरकतो ते अंतर). रिकाम्या होडीत पूर्ण थ्रॉटलला 5300 आरपीएम. बर्फ, जाळी आणि तीन माणसं चढल्यावर जेमतेम 4900. या मोटरीची मर्यादा 5000 ते 6000 आहे, म्हणजे भरलेल्या होडीत ती कायम दमलेली राहणार. चढावर मोठ्या गिअरात गाडी रेटण्यासारखंच हे. पिच एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, म्हणून 11 इंची पंखा घेतला : भरलेली 5300, रिकामी 5700. रिकाम्या होडीचा वेग 24 नॉटवरून 22 वर आला, पण भरलेली होडी आता पटकन वर उचलते. मासेमारीला पंखा भरलेल्या होडीवर निवडावा, रिकामीवर नव्हे. हिशेब करायचा तर आरपीएम गुणिले पिच, भागिले (गिअर प्रमाण गुणिले 1215); येतात ते कागदावरचे नॉट. गिअर प्रमाण म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे. पंखा पाण्यात थोडा घसरतो, त्याची 15 टक्के घसरण त्यातून वजा केली की आमचे आकडे जुळले.

पेट्रोलची नळी, हातपंपाचा फुगा आणि कनेक्टर सरसकट नवे घ्या, आणि मध्ये 10 मायक्रॉनचा पाणी वेगळा करणारा फिल्टर लावा. जुन्या कार्बोरेटरने पचवलेला गाळ इंजेक्टर पचवत नाही. वेगात असताना मोटर दबली आणि फुगा चपटा झालेला दिसला, तर अडथळा फुग्याच्या टाकीकडच्या बाजूला आहे : हवेचं भोक, टाकीतली जाळी किंवा नळी. पूर्ण थ्रॉटलला तासाला 14-15 लिटर जातात. खरी बचत हळू चालवताना होते.

हळू चालवण्याचा एक तोटा मात्र आहे. गळ ओढत तासन्‌तास मंद चालली तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. तेल मोजायच्या कांडीवर तेल वाढलेलं दिसलं, त्याला पेट्रोलचा वास आला तर ते बदला. परतताना 15-20 मिनिटं चांगल्या वेगात चालवली की हा त्रास कमी होतो.

पहिली सर्व्हिस 20 तासांना, पुढची 100 ला. रोज गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका. झिंक पट्ट्यांना रंग लावू नका, नाहीतर गंज पट्टीऐवजी मोटरीचा पाय खातो.

आणि पंखा दर महिन्याला काढा. गळाची तंगूस त्यामागे शाफ्टवर गुंडाळली जाते आणि सील कापते. मग गिअरचं तेल दुधाळ होतं. 100 तासांना आमचं तेल स्वच्छ निघालं, पण शाफ्टवर तंगुसाची तीन वेटोळी होती. काढून, ग्रीस लावून, नवी कॉटर पिन घालून पंखा परत बसवला.