दिल्लीतला 'प्रायव्हेट म्युझियम एक्सपीरियन्स' : पैसे भरण्याआधी हे वाचा

दिल्लीला जाणार असाल आणि इन्स्टावर 'क्युरेटेड आर्ट डे', 'प्रायव्हेट कलेक्शन व्ह्यूइंग' असलं काही दिसलं, आणि किंमत विचारल्यावर समोरचा माणूस किंमत सांगायच्या ऐवजी "तुम्हाला कलेत नक्की कितपत रस आहे?" असं उलट विचारायला लागला, तर सावध व्हा. सगळेच चोर नसतात हे आधीच सांगते. दिल्लीत खरोखर अभ्यासू मंडळी आहेत, पैसे घेऊन फार सुंदर म्युझियम वॉक करतात. आमच्या वाट्याला आले ते नमुने वेगळे, आणि त्यांनी गंडवायची जी पद्धत बसवलीय ती इतकी गुळगुळीत आहे की फसलेला माणूस तक्रार करायलाच घाबरतो, म्हणून हे लिहितेय.

माझा मामेभाऊ आणि वहिनी न्यू जर्सीला असतात. वहिनीला पहाडी मिनिएचरचं, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या जुन्या संस्थानांतल्या बारीक कामाच्या छोट्या चित्रांचं वेड, त्यातल्या बसोली, गुलेर, कांगडा या शैली म्हटलं की ती तासभर बोलू शकते. तिने तिथूनच बुकिंग केलं होतं, माणशी ३८ हजार, अर्धे आधी कार्डवर आणि उरलेले दिल्लीत. त्यात काय तर नॅशनल म्युझियममध्ये पब्लिक नसताना प्रवेश, सोबत क्युरेटर, गाडी, जेवण. वार त्यांनीच ठरवला, सोमवार. का, तर म्हणे सोमवारी म्युझियम सगळ्यांना बंद असतं म्हणूनच तर तुम्हाला निवांत बघता येतं. आणि वर हेही की आता म्युझियम नॉर्थ ब्लॉक साउथ ब्लॉक या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतींमध्ये हलवणार आहेत, वस्तू पॅक व्हायला लागल्या की परत कधी दिसतील सांगता येत नाही. हलवायची योजना खरीच जाहीर झालेली आहे, त्यामुळे शोधलं तर बातमी सापडते आणि आपला विश्वास अजून घट्ट होतो. खऱ्यात खोटं मिसळायची ही त्यांची हातोटी पुढे सगळीकडे दिसली.

सोमवारी जनपथला गेटसमोर गाडी लागली. गेट अर्थातच बंद. लिननचा कुर्ता, गळ्यात कार्ड, असे ते 'क्युरेटर' साहेब उतरून बाजूला जाऊन फोनवर बोलले आणि चेहरा पाडून परत आले. व्हीआयपी मूव्हमेंट आहे, सिक्युरिटीने क्लिअरन्स कॅन्सल केला. मुंबईत लोकल लेट झाली म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही तसं दिल्लीत व्हीआयपी मूव्हमेंट म्हटलं की विषय संपतो. मग पाच मिनिटं गाडीत शांतता आणि मग हळूच, "मी सहसा कुणाला नेत नाही, पण मॅडमना खरंच समजतं म्हणून..." म्हणजे आख्खा दिवस त्यासाठीच बेतलेला होता, म्युझियम हे नुसतं निमित्त.

साउथ दिल्लीतली एक कोठी. बाहेर पाटी नाही. आत एसी इतका की वहिनीने शाल घेतली. एक वयस्कर गृहस्थ, अगदी अदबीचं हिंदी, पैशाचा 'प' काढत नाहीत. पांढरे हातमोजे घालून त्यांनी पोथ्या बांधतात तसल्या लाल बासनातून एकेक चित्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि गप्प बसले. वहिनी बोलत राहिली, ते मान डोलवत राहिले. त्यातलं एक, पावसात एका घोंगडीखाली राधाकृष्ण, म्हणे गुलेर, साधारण १७९०. वहिनीने विकत द्याल का विचारलं तर आधी चक्क नाही म्हणाले! घरातली वस्तू आहे म्हणाले. मग चहा, मग आतल्या खोलीत क्युरेटरची कुजबुज, मग बाहेर येऊन किंमत, १ लाख ८५ हजार. हा आकडा लक्षात ठेवा. दोन लाखांच्या वर खरेदी गेली की पॅन मागावा लागतो आणि दोन लाख किंवा जास्त कॅश घेता येत नाही, म्हणून तो बरोब्बर अलीकडे ठेवलेला असतो. दादाने काही कॅश आणि बाकी यूपीआयने दिले, यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं.

जाता जाता अजून एक पिल्लू सोडलं, अमृता शेरगिलचं पेन्सिल स्केच आहे, न्यू जर्सीला आम्ही पोचवू. आता शेरगिल, रवी वर्मा, रवींद्रनाथ, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांचं काम कायद्याने देशाबाहेर नेताच येत नाही. हे मला माहीत होतं, मी म्हटलंही, तर गृहस्थ हसून म्हणाले तुमची बहीण हुशार आहे, आणि स्केचचा विषय परत निघाला नाही.

आता बिलाची गंमत. दादाने बिल मागितलं, मिळालं सुद्धा, जीएसटी नंबरसकट. त्यावर लिहिलेलं, 'डेकोरेटिव्ह पेंटिंग, हस्तकला, १ नग, ४,५०० रुपये'. विचारलं तर म्हणाले एअरपोर्टवर कस्टमवाले त्रास देतात, तुमच्याच सोयीसाठी. ऐकायला किती काळजीवाहू वाटतं ना? पण सगळी मेख याच कागदात आहे. उद्या पोलिसात गेलात तर तो हेच दाखवणार, मी डेकोरेटिव्ह पेंटिंग विकलं, साडेचार हजाराला, कोण म्हणतं जुनं आहे? आणि तुम्ही म्हणालात की नाही हो मी २०० वर्षं जुनं समजून घेतलं आणि बाहेर न्यायला निघालो होतो, तर अडचणीत तुम्ही. कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनं चित्र देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, असलं चित्र विकायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लायसन लागतं आणि मिनिएचरचं रजिस्ट्रेशन फोटोसकट करावं लागतं. म्हणजे खरं निघालं तर तुम्ही स्मगलर, खोटं निघालं तर मूर्ख. इकडे आड तिकडे विहीर. त्यामुळे लोक चित्र भिंतीला लावतात आणि गप्प बसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपले आपण नॅशनल म्युझियमला गेलो. भारतीयांना तिकीट २० रुपये, दादा वहिनी अमेरिकन पासपोर्टवाले म्हणून त्यांना ६५० प्रत्येकी. गर्दी अशी नव्हतीच, प्रायव्हेट व्ह्यूइंगचे ३८ हजार कशासाठी होते देव जाणे. मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी, जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची ब्राँझची मूर्ती, काचेपाशी वाकून बघितली. आदल्या दिवशी गाडीत क्युरेटरसाहेबांनी ती हडप्पाची आणि दगडाची आहे असं ठोकून दिलेलं, तेव्हा वहिनीने माझ्याकडे बघितलं होतं पण बोलली नव्हती. मिनिएचरच्या दालनात मात्र ती एका पहाडी चित्रासमोर जी उभी राहिली ती हलेचना. पापणीची रेघ बघ म्हणाली. केसाएवढी बारीक आणि एका दमात ओढलेली. आमच्या राधेची पापणी तुटक होती, दोनदा गिरवलेली.

मुंबईत माझ्या ओळखीची एक मैत्रीण कागदाच्या कॉन्झर्वेशनचं काम करते, तिच्याकडे चित्र नेलं. तिने भिंग लावलं आणि दोन मिनिटांत मला बोलावलं. कागदाला कसरीची भोकं होती, ती पाहून तर आम्हाला जुनेपणाची खात्री वाटलेली. ती म्हणाली भोकाची कड बघ. खरं जुनं चित्र असेल तर किडा रंगासकट कागद खातो, कड कोरी तुटलेली असते. इथे हिरवा रंग भोकात उतरला होता, आतल्या कडेला लागून वाळलेला. म्हणजे भोकं आधी, चित्र नंतर. मग तिने मागचा पुठ्ठा एका कोपऱ्यातून ओला करून अलगद सोडवला तर खाली स्टॅम्प पेपर, उर्दूत कसला तरी जमिनीचा व्यवहार, आणि वर व्हिक्टोरिया राणीचा शिक्का. ती बाई गादीवर आली १८३७ ला. १७९० चा चित्रकार भलताच दूरदृष्टीचा म्हणायचा! जुन्या वह्या, दस्त, स्टॅम्प पेपर गोळा करून त्यावर नवीन चित्रं काढतात आणि विकतात, हा चांगला चालणारा धंदा आहे असं तिने सांगितलं. 'हे नवीन आहे' असं सांगून विकलं तर त्यात काही गैर नाही, कारागिरांचा हात छानच असतो, पण ते चार पाच हजाराचं काम.

तर बघायचंच असेल तर थेट जा. जयपूर हाऊसच्या मॉडर्न आर्ट गॅलरीत शेरगिलचा मोठा संग्रह आहे, तिकीट भारतीयांना २० रुपये. साकेतचं किरण नाडर म्युझियम फुकट आहे. नॅशनल म्युझियम आणि मॉडर्न आर्ट दोन्ही सोमवारी बंद, आणि बंद म्हणजे बंद. जायच्या आधी कुठली दालनं उघडी आहेत तेवढं विचारून घ्या. गाइड घ्यायचा तर पर्यटन मंत्रालयाचं फोटो आणि मुदत असलेलं कार्ड मागा, खरा गाइड दाखवायला लाजत नाही. आणि गाइडने म्युझियम सोडून 'घरी', 'स्टुडिओत', 'एम्पोरियमला' न्यायचा विषय काढला की उतरा. जुनी वस्तू घ्यायचीच असेल तर लायसन आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बघून, आणि नवीन असेल तर नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू पुरातन नाही असा दाखला, पुरातत्त्ववाल्यांकडून मिळतं, ते घेऊन मग विमानात बसा.

पैशाचं म्हणाल तर कार्डवर भरलेला अ‍ॅडव्हान्स दादाला परत मिळाला. म्युझियम सोमवारी बंद असतं हे सरकारी साइटवरच लिहिलंय आणि यांनी सोमवारचीच एन्ट्री विकली, एवढं बँकेला पुरलं. यूपीआयचं मात्र १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करूनही अडकलंय, बिल आहे ना मग खरेदी झाली असं म्हणतात. १९१५ वर ग्राहक तक्रार नोंदवलीय, वकिलाने बघून सांगितलं की बिलापेक्षा भारी पुरावा वहिनीच्या फोनमध्ये आहे, त्या क्युरेटरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज, ज्यात तो स्वतःच्या तोंडाने "सतरासे नब्बे का ओरिजिनल" म्हणतोय. असे मेसेज असतील तर डिलीट करू नका, समोरच्याने डिलीट फॉर एव्हरीवन करायच्या आधी दुसऱ्या फोनवर फॉरवर्ड करून ठेवा.