जकुझीचं पावसाळी किट: झाकण पास, पेटी काठावर

व्हिला आणि होमस्टेवाले मे महिन्यात जकुझीच्या, म्हणजे जेट्समधून पाणी उसळणाऱ्या गरम पाण्याच्या टबाच्या, ज्या किटची चौकशी करतात, त्यात तीन वस्तू येतात: घडीचं फोमचं झाकण, ते बांधायचे चार पट्टे आणि पंपावर ठेवायची फायबरची पेटी. माहितीपत्रकात पाणी किती तास गरम राहतं हेच मोठ्या अक्षरांत. ती बर्फाळ देशातल्यांची काळजी. गोव्याच्या कळंगुट-मांद्रे किनाऱ्यावर छळतात ते पाऊस, खारा वारा आणि येणारी-जाणारी वीज.

झाकण चांगलं आहे. मधे ४ इंच, कडेला अडीच इंच, त्यामुळे पाणी उतरून जातं. सपाट झाकणावर मिरगातच डबकं साचतं. फोमभोवती प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आहे, झाकणाचा जीव त्यात. क्लोरीनचा जादा डोस टाकून लगेच झाकलं की वायू कोंडतो, पापुद्रा कडक होऊन चिरतो आणि फोम पाणी प्यायला लागतो. एकट्याने उचलायचं झाकण दोघांना उचलेना झालं की ते गेलं. म्हणून डोस उघडीप बघूनच टाका आणि अर्धा तास टब उघडा ठेवा.

पट्टे मजबूत, पण सोबतचे स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. ते फेकून ३१६ ग्रेडचं स्टेनलेस लावा; ३०४ समुद्राजवळ ठिपके धरतं. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळासारखा वारा सुटला तर चार पट्ट्यांवर विसंबू नये, वरून फुलीसारखे दोन रॅचेट बेल्ट आवळावेत. टब माडाखाली असेल तर नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला आधी बोलवा. पडता नारळ झेलणारं झाकण कुणी बनवत नाही.

पेटीचं मात्र गणित चुकलंय. चारी बाजूंनी बंद. मोटरचा पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो, मोटर तापून ट्रिप होते. बंद असताना आत दव धरतं आणि बेअरिंग गंजतं. समोरासमोरच्या दोन बाजूंना, एक खाली नि एक वर, अशा तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्या बसवून घ्या. पाली-मुंग्यांसाठी आतून बारीक जाळी हवीच; कॉन्टॅक्टरमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) चिरडलेल्या मुंग्या हे पावसाळ्यातल्या बिघाडाचं नेहमीचं कारण. पंपाखाली चिऱ्यांचा थर देऊन तो वीतभर उचला. मोटरवर आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ते फवाऱ्यापुरतं, तुंबलेल्या पाण्यासाठी नाही. केबल खालून आत घ्या आणि शिरण्याआधी झोळ सोडा, म्हणजे थेंब झोळातूनच गळतील.

विजेचं संरक्षण किटमध्ये नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर वेगळे घ्यावे लागतात. आरसीसीबी पडत असेल तर ती बायपास करणारा वायरमन बदला. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) १ मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर पंप चालवू नका, आधी टर्मिनल बॉक्स आणि हीटर तपासा. गिऱ्हाईक नसलं तरी पंप रोज वीसेक मिनिटं फिरवा, पाणी जेट्सच्या वर ठेवून.

आणि जमिनीत बसवलेला टब पावसाळ्यात रिकामा करू नका. खालचं पाणी चढलं की रिकामं भांडं होडीसारखं वर येतं आणि जाताना पाइपांचे सांधे उखडतं.