ड्रोन सर्वेक्षणाच्या कामासाठी जुळवलेला संगणक : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूर जिल्ह्यात दगडखाणी, शेततळी आणि रस्त्यांचे ड्रोनने सर्वेक्षण करणे हा माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा व्यवसाय आहे. खाणीतून किती ब्रास दगड उचलला गेला, हे ड्रोनने काढलेल्या हजारभर फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार करून मोजावे लागते. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. स्वामित्वधनाचा हिशेब त्यावरच होत असल्यामुळे मोजणीतला लहानसा फरकही खाणमालकाला चांगलाच महागात पडू शकतो. गेल्या वर्षापर्यंत हे सारे काम आम्ही 16 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर करत होतो. अकराशे फोटोंच्या एका कामाला एकोणीस तास लागत, आणि तेही मेटाशेप या सॉफ्टवेअरमधला दर्जा 'मीडियम'वर ठेवला तरच. एक पायरी वर चढून 'हाय' निवडले, तर हिशेबात येणाऱ्या पिक्सेलांची संख्या चौपट होते आणि लॅपटॉप मध्येच हात टेकतो. त्यामुळे जानेवारी 2025 मध्ये सव्वा लाख रुपयांची मर्यादा ठरवून सुटे भाग घेतले आणि संगणक घरीच जुळवला.

खरेदीपूर्वीचे दोन दिवस मी एका जुन्या कामावर लॅपटॉप चालवत ठेवला आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवून कोणत्या टप्प्यावर काय थकते, याची वहीत नोंद केली. फोटोंमधले समान बिंदू जुळवणे आणि डेप्थ मॅप, म्हणजे फोटोतला प्रत्येक बिंदू किती दूर आहे याचे नकाशे, बनवणे ही कामे ग्राफिक्स कार्ड करते. कॅमेऱ्यांच्या जागांचे समायोजन आणि बिंदू जोडून पृष्ठभागाची जाळी विणणे हे मुख्यतः प्रोसेसरवर पडते. आणि या सगळ्यात रॅम भरली की संगणक डिस्कवर लिहू लागतो व वेग पार बसतो. आमचे एकोणीस तास प्रामुख्याने या शेवटच्या कारणाने जात होते. जो कोणी कामासाठी संगणक जुळवणार असेल, त्याने दुकानात जाण्याआधी अशी नोंद जरूर करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण त्या एका पानावरून आमची निम्मी यादी ठरली.

प्रोसेसर म्हणून रायझन 9 7900 घेतला. 12 कोअर आणि 24 थ्रेड असूनही त्याची अधिकृत औष्णिक मर्यादा 65 वॅट आहे आणि प्रत्यक्षात तो 88 वॅटपर्यंतच जातो. त्याच पिढीतला 7900 एक्स 170 वॅटचा आहे. तासन्‌तास पूर्ण भाराने चालणाऱ्या कामात तो थोडा पुढे राहतो, पण मे महिन्यात सोलापुरातल्या खोलीत बसून त्या थोड्याशा आघाडीची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी, असे मला वाटले नाही. मदरबोर्ड बी650 चिपसेटचा साधा घेतला. व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर धातूचे हीटसिंक असावे आणि रॅमसाठी चार जागा असाव्यात, एवढ्याच माझ्या अटी होत्या.

चार जागा असूनही रॅम मात्र 32 जीबीच्या दोनच पट्ट्या घेतली. दुकानदार 16 जीबीच्या चार पट्ट्या सुचवत होता, कारण त्या त्याच्याकडे शिल्लक होत्या. या पिढीच्या रायझनवर डीडीआर5 च्या दोन पट्ट्या लावल्या तर अधिकृत वेग 5200 मिळतो, पण चार लावल्या तर तोच 3600 वर येतो, ही गोष्ट मी आधी वाचून ठेवली होती म्हणून ठाम राहिले. इथे एक सूचना नवख्यांसाठी करते. सगळे जोडून प्रथमच बटण दाबले तेव्हा पंखे फिरू लागले, पण पडदा काळाच राहिला आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यात 'डीरॅम' (म्हणजे रॅम) या अक्षरांशेजारचा पिवळा दिवा तसाच जळत राहिला. भावाचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोन्ही वेळा मी तो अडवला. साडेचार मिनिटांनी पडद्यावर अक्षरे उमटली. एएम5, म्हणजे या रायझनच्या खोबणीचा, मदरबोर्ड पहिल्या वेळी रॅमची चाचपणी करून वेळा जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटे लागतात; ती प्रक्रिया मध्येच तोडू नये. नंतर बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, चालू करून 6000 चा वेग ठेवला आणि अकरा महिन्यांत रॅममुळे संगणक एकदाही अडखळलेला नाही.

ग्राफिक्स कार्डाची निवड सर्वांत अवघड गेली. आरटीएक्स 4060 नवे, 115 वॅटचे, पण 8 जीबी स्मृतीचे. आरटीएक्स 3060 हे 2021 चे, 170 वॅटचे, पण 12 जीबीचे. खेळांसाठी कोणीही 4060 च सांगेल आणि ते योग्यही आहे. आमच्याकडे मात्र मोठ्या खाणीची पोत चढवलेली प्रतिकृती पडद्यावर फिरवून पाहावी लागते, तेव्हा कार्डावरची 9 ते 10 जीबी स्मृती सहज वापरली जाते, हे आता रोज दिसते. 8 जीबीच्या कार्डावर तिथेच गाडी रुतली असती. म्हणून जुने पण ऐसपैस कार्ड घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो डिस्कचा. पैसे वाचवण्यासाठी 2 टीबीची, दर सेलमध्ये चार बिट साठवणारी, म्हणजे क्यूएलसी प्रकारची एनव्हीएमई डिस्क घेतली. खोक्यावरचा वेग उत्तम होता आणि पहिला आठवडा तो खराही वाटला. मग जुन्या कामांचा साडेतीनशे जीबीचा साठा बाहेरच्या डिस्कवरून तिच्यावर उतरवायला घेतला. आलेखाची हिरवी रेघ सेकंदाला 900 एमबीच्या आसपास सपाट चालली होती. काही मिनिटांनी ती एकाएकी कड्यावरून पडावी तशी कोसळली आणि 80 ते 90 एमबीवर सरपटत राहिली. अशा डिस्कमधला काही भाग वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखा वापरला जातो, आणि तो भरला की खरा वेग उघडा पडतो. रोजच्या कार्यालयीन वापरात हे कधी जाणवणारही नाही. प्रक्रियेच्या दरम्यान शेकडो जीबी लिहिणाऱ्या कामात मात्र ते फार जाणवते. मार्चमध्ये 1 टीबीची टीएलसी प्रकारची (दर सेलमध्ये तीन बिट), स्वतःची डीरॅम स्मृती असलेली डिस्क घेऊन चालू कामे तिच्यावर आणली आणि जुनी डिस्क केवळ साठ्यासाठी ठेवली. सुरुवातीलाच ही निवड केली असती, तर काही हजार रुपये वाचले असते.

आता विजेविषयी, कारण माझ्या मते आपल्याकडे संगणक जुळवताना सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, 650 वॅटचा आणि कार्यक्षमतेच्या 80 प्लस गोल्ड प्रतीचा घेतला आणि त्यावर एक रुपयाही जास्त गेला असे वाटले नाही. पण तो आधीच्या 600 व्हीएच्या यूपीएसवर लावला, ही चूक झाली. अशा यूपीएसवर 600 व्हीए म्हणजे प्रत्यक्षात साधारण 360 वॅट. फेब्रुवारीत एका रात्री नऊ तासांचे काम सातव्या तासाला पोहोचले असताना लाईट गेली आणि यूपीएस एक लांब शिट्टी देऊन बंद पडला. दुसऱ्या दिवशी वॅटमीटर लावून पाहिले, तर भरभारात संगणक 330 वॅट आणि मॉनिटर 35 वॅट घेत होता. शिवाय त्या यूपीएसच्या विजेची लहर गुळगुळीत साइन वेव्ह नसून पायऱ्यापायऱ्यांची होती, आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारी रचना) असलेल्या आधुनिक एसएमपीएसला ती अनेकदा मानवत नाही.

घरात 1100 व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी आधीपासून होतीच. संगणकाची लाईन त्यावर घेतली आणि इन्व्हर्टरच्या मागचे बटण 'यूपीएस' बाजूला केले, जेणेकरून तो काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. तेव्हापासून लाईट गेली तरी काम थांबत नाही आणि अडीच तास निश्चिंत मिळतात. त्याच वेळी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले. कॅबिनेटला हाताची मागची बाजू लागली की बारीक मुंग्या येत असत आणि आम्ही ते चालवून घेत होतो. तपासले तेव्हा त्या बोर्डातली अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, असे निघाले.

प्रोसेसरसोबत मिळालेला कूलर हिवाळ्यात पुरला. एप्रिलच्या मध्यावर खोलीचे तापमान 38 अंशांवर गेले आणि प्रोसेसर त्याच्या 95 अंशांच्या मर्यादेजवळ जाऊ लागला, तसा पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येऊ लागला. अडीच हजारांचा उभा टॉवर कूलर बसवल्यावर तोच भार 80 अंशांच्या आत राहिला. कॅबिनेटला समोर काच नको, जाळीच हवी; आणि जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा. आमच्याकडे खाणीवरची धूळ कपड्यांबरोबर घरात येते, त्यामुळे तो फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो.

खरेदीसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर एक दिवस घालवला. एका दुकानात बिलाविना चार हजार कमी सांगितले गेले, आणि 'नवेच आहे' म्हणून दाखवलेल्या कार्डाच्या पंख्यांच्या पात्यांवर राखाडी धुळीची रेघ स्पष्ट दिसत होती. आम्ही प्रत्येक भागाचा अनुक्रमांक छापलेले पक्के बिल घेतले. आमची जीएसटी नोंदणी असल्यामुळे 18 टक्के कराची वजावट मिळाली, म्हणजे बिलाविना मिळणारी सवलत हिशेबाने तोट्याचीच ठरली असती.

अकराशे फोटोंचे ते जुने काम नव्या संगणकावर पुन्हा चालवले. 'मीडियम'वर ते दोन तासांच्या आत संपले, आणि जे लॅपटॉपवर कधीच पूर्ण झाले नव्हते ते 'हाय'वर पाच तास दहा मिनिटांत झाले. खाणीच्या उभ्या कड्यांवर पूर्वी जिथे भोके पडत आणि हाताने भरावी लागत, तिथे आता दगडाचे थर ओळखू येतात.

दोन हजारांहून अधिक फोटोंच्या कामात 64 जीबी रॅमही भरते, हे अलीकडे दोनदा अनुभवले. 48 जीबीच्या दोन पट्ट्या घेण्याचा विचार होता, परंतु 2025 च्या अखेरीस डीडीआर5 च्या किमती इतक्या चढल्या आहेत की तो बेत पुढे ढकलला आहे. तोपर्यंत मोठी खाण दोन भागांत विभागून, मध्ये शंभर फोटोंचा समाईक पट्टा ठेवून, प्रक्रिया करतो आणि शेवटी दोन्ही भाग जोडतो. त्याने तासभर जास्त लागतो, पण ब्रासचा आकडा चोख येतो.