छाती तपासायला स्टेथोस्कोप: साधा की इलेक्ट्रॉनिक?

मुख्य काम फुप्फुसं ऐकण्याचं असेल, तर बहुतेक विद्यार्थी, परिचारिका आणि डॉक्टरांनी चांगल्या बनावटीचा ड्युअल हेड (एक मोठी, एक लहान अशा दोन बाजूंचा) साधा स्टेथोस्कोपच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हीझ (श्वासातला शिट्टीसारखा आवाज) बहुधा 400 हर्ट्झच्या वर असते, बारीक क्रेप्सही (तुटक तडतड आवाज) उंच पट्टीतले. हे आवाज कानाला मुळातच नीट ऐकू येतात. ऐकू आले नाहीत, तर दोष बऱ्याचदा इअरटिपचा असतो: ती सैल बसते किंवा उलटी घातलेली असते. टोकं नाकाच्या दिशेने झुकलेली हवीत.

इलेक्ट्रॉनिकमध्ये आवाज वाढवता येतो, पण त्याबरोबर पंख्याची घरघर, कपड्याची सळसळ आणि बोटांची हालचालही वाढते. त्याहून मोठी अडचण वेगळीच. ‘डाव्या बाजूला एअर एंट्री कमी’, म्हणजे तिथे हवा कमी जाते, हे आपण आवाजाच्या लहानमोठेपणावरूनच ठरवतो. मध्येच व्हॉल्यूम बदलला की दोन बाजूंची तुलना संपली. दम्याच्या तीव्र झटक्यात व्हीझ नाहीशी होऊन छाती शांत होणं ही धोक्याची खूण आहे. तिथे वाढवलेला क्षीण आवाज खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून एका रुग्णासाठी व्हॉल्यूम एकदाच लावावा. फिल्टर असेल तर डायफ्रामचा (छातीवर टेकवायच्या सपाट पडद्याचा) किंवा फुप्फुसांचाच निवडावा. बेलच्या (खालच्या पट्टीचे आवाज ऐकवणाऱ्या वाटीसारख्या बाजूच्या) फिल्टरमध्ये बारीक क्रेप्स दबतात.

तरीही कमी ऐकू येणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिकच घ्यावा. गोंगाटाचा वॉर्ड किंवा रुग्णवाहिका असेल तर बाहेरचा आवाज कमी करणारं मॉडेल बघावं. शिकवण्यासाठी किंवा दूरच्या तज्ज्ञाला ऐकवण्यासाठी रेकॉर्डिंग लागत असेल, तर ती सोय साध्यात नाही. मात्र किंमत कित्येक पट, आणि चार्जिंग संपलं की बऱ्याच मॉडेलमध्ये ऐकणं थांबतं.

पद्धत दोन्हींना एकच. रुग्णाला बसवून तोंड उघडं ठेवून नेहमीपेक्षा खोल श्वास घ्यायला सांगावं. डायफ्राम उघड्या त्वचेवर घट्ट दाबावा, शर्टावरून नको. प्रत्येक जागी निदान एक पूर्ण श्वास ऐकून लगेच दुसऱ्या बाजूला त्याच पातळीवर जावं. पाठीवर खांद्याचं हाड टाळावं. काखा आणि पुढची बाजू सोडू नये, कारण उजव्या फुप्फुसाचा मधला भाग तिथेच ऐकू येतो. रुग्णाला गरगरलं तर थांबावं. छातीवरचे केस घासले की हुबेहूब क्रेप्ससारखं वाजतं. केस ओले करून पुन्हा ऐकावं. क्रेप्स खोकल्यानंतर गेले, तर ते बहुधा कफाचे.

ड्युअल हेड घेण्याचं एक कारण हेही आहे: लहान मुलांच्या किंवा फार कृश रुग्णांच्या बरगड्यांवर मोठा डायफ्राम टेकत नाही, कडेने फट राहते. तिथे लहान बाजू उपयोगी पडते. चेस्टपीस (छातीवर टेकवायचा भाग) फिरवल्यावर कोणती बाजू चालू आहे, ते डायफ्रामवर हलकेच टिचकी मारून पाहावं. दोन रुग्णांच्या मध्ये चेस्टपीस 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा; स्टेथोस्कोप द्रावणात बुडवू नये.