भोपळ्याची फुले की शेवग्याची?

इंदूरच्या मराठी घरांतून परसात भोपळ्याचा वेल आणि कुंपणाशी शेवगा (येथील बाजारात त्याला ‘सुरजना’ म्हणतात) असला, तर दोन्हींची फुले स्वयंपाकात येतात. मात्र त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे.

भोपळ्याचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून ते सकाळीच खुडावे, आणि तेही नरफूल, कारण मादीफुलाच्या बुडाशी असलेला इवलासा भोपळा तोडणे म्हणजे पुढची भाजी गमावणे. आतील पुंकेसर काढून, डाळीच्या पिठात थोडे तांदळाचे पीठ मिसळून केलेली भजी कुरकुरीत होतात. फुलाची स्वतःची चव मात्र सौम्यच, खरी किमया पिठाची.

शेवग्याच्या फुलांना किंचित कडसरपणा असतो. ती निवडण्यात वेळ जातो, देठ व मुंग्या काढाव्या लागतात. परंतु उकळत्या पाण्यातून काढून, हलके पिळून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कांदा आणि लसणाच्या फोडणीत परतली की भाकरीबरोबर या भाजीला तोड नाही. पाहुण्यांसमोर भजी शोभतात हे खरे. रोजच्या जेवणासाठी मी शेवगाच निवडेन.